हॅरोफील्डचं मत

एक्झेटर, १५ फेब्रुवारी १७८८

प्रिय ओबेद,

पोचलो. तीन दिवस बर्फगाडीत बसून कंबर धरली आहे, पण घोडी ठणठणीत आहे. मेहिटबलला सांग, तिनं विणलेले मोज्यांचे दोन्ही जोड मी एकावर एक घालतो, तरी परिषदेत बसलं की पाय बधिर होतात. आपल्यासारखीच इथल्या प्रार्थनाघरातही शेगडी नाही. शंभरावर प्रतिनिधी नुसते खोकत असतात. कोणाचं भाषण लांबलं की खोकला वाढतो.

तू गावसभेनंतर लिहून दिलेलं आदेशपत्र कोटाच्या आतल्या खिशात आहे. हॅरोफील्डच्या प्रतिनिधीनं तेरा राज्यांच्या या नव्या घटनेविरुद्ध मत द्यावं, दुसरं काही करू नये. पहिल्याच दिवशी कळलं की खिशात असा कागद घेऊन आलेला मी एकटा नाही. निम्म्याहून जास्त गावांनी आपल्या माणसाला 'नको' म्हणायला सांगून पाठवलं आहे. तेव्हा काळजी करू नकोस. हा मसुदा इथेच संपेल आणि मी महिनाअखेर लाकडं कापायला घरी असेन.

पण काल एक गोष्ट घडली, ती तुला सांगायला हवी. कलमं एकेक करून वाचतात. चौथ्या भागातलं ते वाक्य आलं. एका राज्यात कामाला बांधलेला माणूस पळून दुसऱ्या राज्यात गेला, तर तिथे तो मोकळा होणार नाही. मागणाऱ्याच्या हवाली करावा लागेल. जानेवारीत तू हे वाचून दाखवलंस तेव्हा आपल्याला वाटलं, कराराने बांधलेल्या शिकाऊ पोरांबद्दल आहे. चांभार म्हणाला, बरं झालं, माझा पळालेला कामगार सापडेल. सगळी सभा हसली, तूही हसलास, मीही.

काल एक वकील उभा राहिला आणि म्हणाला, हे वाक्य गुलामांसाठी आहे. तो शब्द लिहायची लिहिणाऱ्यांना लाज वाटली, म्हणून वळसा घालून लिहिलं आहे.

माझ्या डोळ्यांपुढे आपला टायटस आला. लढाईच्या त्या वर्षी तू पाय मोडून घरी होतास, म्हणून तुला ऐकून माहीत आहे, मी पाहिलं आहे. आमची पलटण न्यू जर्सीहून परत येत होती आणि मेरीलँडच्या कुणा धन्याच्या बैलगाड्या हाकणारा हा माणूस गाड्या सोडून आमच्यामागे चालू लागला. हवालदारानं विचारलं, हा कोण. मी म्हणालो, आमच्या गावचा. तेव्हा ते खोटं होतं. आज आठ वर्षांनी खरं आहे. त्याचं पिंपांचं दुकान आहे, बायको आहे, मुलगी आहे, गावसभेत त्याचं मत आहे. आजवर कोणी त्याला मागायला आलं असतं तर आपण म्हणालो असतो, कुठल्या कायद्यानं? हा कागद त्याचं उत्तर देतो.

त्याला यातलं काही सांगू नकोस. गरज पडणार नाही.

तुझा,
जोथम


हॅरोफील्ड, १९ फेब्रुवारी

जोथम,

पत्र काल संध्याकाळी आलं. लगेच कपाटातून मसुद्याची प्रत काढली आणि ते कलम चार वेळा वाचलं. मी गावाचा चिटणीस. कागद वाचणं हेच माझं काम, आणि मला ते कळलं नाही. हसलो ते तर आठवूच नकोस.

मग आता भानगड कसली? आपली आधीची कारणं होतीच. बोलायच्या, प्रार्थनेच्या हक्काचा एक शब्द त्यात नाही. शांततेच्या काळात फौज ठेवायची मुभा आहे. दर वर्षी निवडणूक हवी तिथे दोन वर्षांनी आहे, आणि वरच्या सभेत सहा. त्यात आता हे. गावानं तुझ्या हातात 'नको' दिलंय, ते तिथे ठेव आणि ये.

टायटसला मी काही बोललो नाही. काल माझ्या कातड्याच्या हौदाला कडं बसवायला आला होता. तुझी चौकशी केली. मी म्हणालो, खोकतोय.

एक ऐकलं ते खरं का? काल कीन गावाहून आलेला फेरीवाला सांगत होता की पोर्ट्समथचे व्यापारी गावाकडच्या प्रतिनिधींना रोज जेवायला बोलावतात, आणि हॅरोफील्डचा लाकूडगिरणीवाला तिथे दोनदा दिसला. मेहिटबल म्हणाली, माझा भाऊ जेवायला जाईल, विकायला जाणार नाही. मी म्हणालो, तसं असेल तर बरं. तुझ्या बहिणीसमोर मी दुसरं काय म्हणणार?

भाषा मात्र तिकडची करून येऊ नकोस. आम्हांला समजायला हवी.

ओबेद


एक्झेटर, २२ फेब्रुवारी

प्रिय ओबेद,

दोनदा नाही, तीनदा गेलो. भाजलेलं बदक होतं. ते खाऊन माझं मत बदललं असतं तर तुला लिहायला मला इतका वेळ लागला नसता.

मत बदललं आहे.

कुठल्या एका भाषणानं नव्हे. दीड वर्षापूर्वी याच गावात हत्यारं घेतलेल्या माणसांनी राज्याच्या विधानसभेला वेढा घातला होता, ते आपण घरी बसून ऐकलं. इथे मी जिच्याकडे उतरलो आहे त्या म्हातारीनं ते दारातून पाहिलं. दोन्हीकडे तिच्या ओळखीची माणसं होती, आणि त्यांतला कोण पहिली गोळी झाडतो याची ती वाट बघत होती. गोळी झाडली गेली नाही. दर वेळी झाडली जाणार नाही असं मी म्हणू शकत नाही. तेरा राज्यं एकमेकांच्या मालावर कर बसवतात, एकमेकांशी हद्दीवरून भांडतात, आणि सगळ्यांना बांधणारा जो जुना करार आहे त्याला कोणी विचारत नाही. दहा वर्षांनी आपलीच पोरं न्यू यॉर्कच्या पोरांवर बंदुका धरतील.

आणि दुसरं, जे मला जास्त भिडलं. हा मसुदा कोणा राजानं दिलेला नाही. लिहिणाऱ्यांनीही स्वतः लागू केला नाही. तो आपल्यापुढे ठेवून ते बाजूला झाले. माझ्यासारख्या गिरणीवाल्याला बाकावर बसवून विचारतात, हवा का नको. आणि त्यात चूक असेल तर कशी दुरुस्त करायची, हेही त्यातच लिहिलं आहे. आपण चुकू, हे कबूल करणारा कायदा मी आजवर पाहिला नव्हता. मी यावर पुष्कळ प्रार्थना केली, ओबेद. उत्तर मिळालं असं म्हणणार नाही. पण पूर्वीचं मत तोंडातून निघेना.

माझ्यासारखे इथे बरेच झाले. मनानं 'हवा' आणि खिशात 'नको'. शब्द मोडायचा नाही, म्हणून आज परिषद तहकूब करायचा ठराव आला. जूनमध्ये कॉन्कर्डला पुन्हा भरायची, आणि मधल्या काळात आम्ही गावी जाऊन आदेशातून मोकळं करा असं मागायचं. ठराव पाच मतांच्या फरकानं झाला. त्यांतलं एक माझं. आदेशपत्रात तहकुबीबद्दल काही नाही. मी तीनदा वाचून पाहिलं.

टायटसचं कलम मी विसरलो नाही. त्याचा धनी कदाचित मेलाही असेल. मेरीलँडहून इतक्या लांब कोण शोधत येणार? आणि दुरुस्तीची वाट आहेच. हे वाक्य दोनदा खोडून लिहिलं आहे, ते तुला दिसेल.

खोकला छातीत उतरला आहे, म्हणून चार-पाच दिवस इथेच पडून राहतो. मार्चच्या गावसभेला येतो. मोकळं करा एवढंच मागीन.

जोथम


हॅरोफील्ड, २६ फेब्रुवारी

जोथम,

आदेशपत्र मी लिहिलं. त्यात तहकुबी नाही, कारण माझ्या डोक्यात ती आली नाही. तुझ्या डोक्यात मात्र आली. लहानपणी मास्तरांनी कुंपणावर चढायचं नाही म्हटलं की तू खालून जायचास. तेव्हा मी हसायचो.

ये. माग. सभेत मी विरुद्ध बोलेन, हे आधीच सांगतो, म्हणजे पाठीमागून केलं असं व्हायला नको.

आणि टायटसला सांगू नकोस म्हणालास ना? त्याला माहीत आहे. तुझं पत्र आल्यावर माझ्यानं राहवलं नाही, मी त्याच्या दुकानात जाऊन बसलो. काय बोलावं सुचेना, तेव्हा त्यानंच फळीवरून मसुद्याची छापील प्रत काढली. डिसेंबरातच घेतली होती. ते कलम आलं तिथे पान दुमडलेलं. जानेवारीच्या सभेत तो आपल्या मागच्या बाकावर होता, जोथम. मी वाचलं, चांभार बोलला, आपण हसलो, आणि तो सगळं समजून बसला होता.

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललास? म्हणाला, "गाव 'नको'च म्हणत होतं. कशासाठी, ते कशाला सांगायचं?"

धनी मेला असेल म्हणतोस. त्याला मुलगे आहेत. टायटसनं नावं सांगितली.

ओबेद


कॉन्कर्ड, १८ जून

ओबेद,

मार्चच्या सभेपासून आपण बोललो नाही, तीन महिने उलटून गेले. दर रविवारी तुझ्या शेजारच्या बाकावर बसतो, तू भजनाचं पान उघडून मेहिटबलकडून माझ्याकडे सरकवतोस आणि मी मान हलवतो. त्याला बोलणं म्हणत नाहीत. तरी लिहायला दुसरं कोणी नाही.

आज परिषद पुन्हा भरली. आठ राज्यांनी होकार दिला आहे. नऊ झाली की घटना लागू होते. म्हणजे सगळं आमच्यावर किंवा व्हर्जिनियावर आहे, आणि व्हर्जिनियाची अजून चर्चाच चालू आहे. शनिवारी मत पडेल असं सगळे धरून चालले आहेत. दोन्ही बाजू बोटांवर मोजतात आणि मोजताना माझ्याकडे बघतात. मी मोकळ्या हाताचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

तो हात मोकळा कसा झाला, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अकरा मार्चला तू माझ्याविरुद्ध बोललास ते चांगलं बोललास. मग आपल्या रीतीप्रमाणे प्रार्थनाघर दुभंगलं. मोकळं करा म्हणणारे पूर्वेच्या भिंतीशी, नका म्हणणारे पश्चिमेच्या. पंचांनी दोनदा मोजलं. अडतीस आणि अडतीस. बरोबरी म्हणजे ठराव पडला, मी बांधलेलाच. खरं सांगू? मला तेव्हा हायसं वाटलं. आणि तुझ्या खांद्याला लागून उभा असलेला टायटस तिथून निघाला, मधली सगळी जमीन ओलांडून माझ्या बाजूला आला. अध्यक्षांनी विचारलं, समजून जातोयस ना? तो म्हणाला, "चालता येतं मला, साहेब. इथवर चालतच आलोय." कोणी हसलं नाही. एकोणचाळीस आणि सदतीस, मी मोकळा.

तेव्हापासून मी त्याच्या दुकानात किती वेळा गेलो. तो ओकच्या फळ्यांबद्दल बोलतो, गिरणीच्या पात्याबद्दल बोलतो. या विषयावर आला की त्याचा हातोडा चालू होतो. मला वाटतं त्यानं मला माफ केलं आहे. मग वाटतं, तो माझी परीक्षा बघतो आहे. मग वाटतं, यातलं काहीच नाही आणि हे सगळं माझ्याच डोक्यात आहे.

माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी एवढं कर. त्याच्याकडे जा आणि सरळ विचार, जोथमनं 'नको' म्हणावं असं तुला वाटतं का? तो हो म्हणाला तर मी 'नको' म्हणेन. माझं मत काय आहे ते बाजूला ठेवीन. हे पत्र घेऊन येणारा टपालस्वार शुक्रवारी सकाळी परत निघतो. त्याच्याबरोबर उत्तर पाठवलंस तर शनिवारी मत पडायच्या आत मला मिळेल.

जोथम


हॅरोफील्ड, २० जून

जोथम,

स्वार दारात उभा आहे, तेव्हा थोडक्यात.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. तसाच उठून टायटसकडे गेलो. तो कामात होता. दोघं नवरा-बायको कामात होती. तू लिहिलेलं वाक्य मी जसंच्या तसं विचारलं.

त्याचं उत्तर जसंच्या तसं असं, "मी त्याला काही सांगणार नाही. हात त्याचा मोकळा आहे, तो त्यानं वापरावा."

मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यानं नाही म्हणून मान हलवली. याहून जास्त मला तुला लिहिता येत नाही.

आता माझं मत. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. तुला घटना हवी आहे, हे मला मार्चमध्येच कळलं होतं, आणि तुझी कारणं वाईट नाहीत हेही. सभेत ते कबूल केलं नाही, कारण मला जिंकायचं होतं. पण तुम्ही नववे आहात, जोथम. तुम्ही 'नको' म्हणालात तर लिहिणाऱ्यांना परत बसावं लागेल आणि ते कलम काढायला भाग पाडता येईल. एकदा 'हवा' म्हणालात की ते कलम कायदा झालं. मग दुरुस्ती करणारे वेगळे आणि ते भोगणारा वेगळा. 'नको' म्हण. मी हे चिटणीस म्हणून लिहीत नाही.

टायटसकडून मी दोन पिंपं घेतली. तो देतच होता.

ओबेद


कॉन्कर्ड, २१ जून

प्रिय ओबेद,

झालं. सत्तावन्न आणि सत्तेचाळीस. न्यू हॅम्पशायर नववं.

दुपारी एक वाजता चिटणिसानं नावं पुकारायला सुरुवात केली. सकाळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुमची अडचण आम्हांला ठाऊक आहे, पलीकडच्या घरी जेवण मांडलं आहे, सावकाश या, तुमचं नाव येऊन जाईल. चार जागा रिकाम्या होत्या. कोणाच्या ते मी लिहीत नाही. त्यांच्या खिशात अजून आदेश होते, माझ्या खिशात नव्हता. मी जेवायला गेलो नाही.

तुझं पत्र तासाभरापूर्वीच मिळालं होतं. ते वाचून मला राग आला. तुझा नाही, टायटसचा. त्यानं एक शब्द बोलायचा होता. मग माझं नाव यायच्या आधी, समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत असताना मला उमगलं की मी त्याच्याकडे नव्यानं आदेशपत्र मागत होतो. गावानं बांधलं होतं त्यातून त्यानं मला सोडवलं, आणि मी लगेच जाऊन त्यालाच म्हणत होतो, आता तू बांध. म्हणजे जे होईल ते त्याच्या सांगण्यावरून होईल.

नाव आलं. मी 'हवा' म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, कारण पुटपुटलो असतो तर मला आयुष्यभर ते ऐकू आलं असतं.

आता जे तुला सांगायचं मला सर्वांत कठीण आहे ते. होकाराबरोबर बारा सुधारणा सुचवून पाठवल्या आहेत. तू म्हणाला होतास त्या बहुतेक त्यात आहेत. धर्म, फौज, हत्यारं. तेरावी मी लिहून नेली होती. पळून आलेला माणूस मागणाऱ्याच्या हवाली करू नये, एवढीच दोन ओळींची. माझ्या शेजारचा प्रतिनिधी भला माणूस आहे, त्याला दाखवली. तो कानाशी म्हणाला, ही वाचलीत तर दोन तास वाद होईल, पाच-सहा मतं हलतील, आणि दक्षिणेची राज्यं तशीही कधी मान्य करणार नाहीत. मग मतदानाआधी अध्यक्षांनी विचारलं, आणखी कोणाला काही मांडायचं आहे? मी कागद गुडघ्यावर धरून बसलो होतो. ते दुसऱ्यांदा विचारत नाहीत, एकदाच विचारतात.

मी उभा राहिलो नाही, ओबेद. मत दिल्याचं मला वाईट वाटत नाही. याचं वाटतं.

बाहेर घंटा वाजत आहेत. लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत आहेत. मी उद्या प्रार्थना झाली की वॉर्नरला मुलीकडे जातो. तिचं बाळंतपण मंगळवारी झालं, मुलगा आहे. आठवडाभर तिथे राहून गावी येतो.

टायटसला तू काही सांगू नकोस. वर्तमानपत्र यायच्या आत मी येईन आणि गुडघ्यावरच्या त्या कागदासकट सगळं माझ्या तोंडानं सांगेन.

जोथम


हॅरोफील्ड, २४ जून

प्रिय जोथम,

नातवाचं कळून मेहिटबल दोनदा रडली. तुझ्या मुलीला आमचे आशीर्वाद.

टायटसला तू सांगू शकणार नाहीस. तो गेला.

शुक्रवारी पहाटे गेला, तुमचं मत पडायच्या आदल्या दिवशी. गुरुवारी संध्याकाळी तुझं पत्र घेऊन मी गेलो तेव्हा दुकानात फळीवर काही नव्हतं. रंधे, कडी, करवती सगळं खोक्यात भरलेलं. बायको अंथरुणं बांधत होती, मुलगी कोंबड्या टोपलीत घालत होती. नदी ओलांडून व्हरमाँटमध्ये जायचं ठरलं होतं. व्हरमाँट अजून कुठल्या संघात नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या कायद्यात कोणी कोणाचा गुलाम नाही. तुम्ही काहीही ठरवलंत तरी ते नदीच्या या काठापर्यंतच लागू. जागा त्यानं एप्रिलमध्येच बघून ठेवली होती.

मी म्हणालो, थांब की, अजून मत व्हायचंय. जोथम कदाचित 'नको' म्हणेल.

तो म्हणाला, "त्याचा हात बांधून इथं राहिलो, तर रोज त्याच्याकडे बघावं लागेल. मोकळा सोडून राहिलो, तर रोज रस्त्याकडे बघावं लागेल. मला दोन्ही नको, ओबेद."

मग मी विचारलं, मार्चमध्ये पलीकडे गेलास कशाला? त्यानं आधी हातातली दोरीची गाठ पुरी केली. म्हणाला, कोणाला बांधून ठेवायला आपला हात उठत नाही. इतकंच. त्यात काही मोठेपणा नाही असं म्हणाला, सवय नाही म्हणाला.

आणि मत पडेपर्यंत जोथमला यातलं काही कळवायचं नाही, असं माझ्याकडून वचन घेतलं. आपण गेलो हे कळलं तर जोथम एकतर लाजेनं 'नको' म्हणेल किंवा सुटल्यासारखा 'हवा' म्हणेल, आणि दोन्ही त्याचं मत नसेल. म्हणून तुला तसं अर्धं पत्र लिहिलं. स्वार दारात होता हे खरं, पण मी आणखी लिहू शकलो असतो. तुझ्याशी खोटं वागलो याचा राग धर, मी काही म्हणणार नाही. शुक्रवारी उजाडताना मी त्याचं सामान होडीत चढवलं आणि घरी येऊन ते लिहिलं.

गावात लोक गप्प आहेत. चांभार सर्वांत गप्प. तू परत आलास की कोण तुझ्याशी कसं वागेल ते मला सांगता येत नाही. मी मात्र बोलणार आहे, एवढं कळवतो. साडेतीन महिने फार झाले.

आता एक कामाचं. याच मार्चच्या सभेत, आदेशाच्या ठरावानंतर, गावानं टायटसला पिंपांच्या फळ्यांचा पारखी नेमलं होतं. तू तेव्हा बाहेर जाऊन पायरीवर बसला होतास, म्हणून तुला आठवत नसेल. विक्रीची प्रत्येक फळी तपासायची, चांगली बाजूला, सडकी बाजूला. शपथ घेतली होती त्यानं. आता जागा रिकामी झाली, आणि नियमाप्रमाणे गावच्या वहीत मला त्याच्या नावापुढे तसं लिहावं लागेल आणि शेजारी कारण. मेला असता तर 'मृत्यू' लिहिलं असतं. नालायक ठरला असता तर तेही लिहिलं असतं. 'स्वखुशीनं गेला' असं पंचांचं म्हणणं. मी लेखणी उचलली आणि ठेवली.

वाक्यं जुळवण्यात तू माझ्याहून बरा. काय लिहू, ते सांग.

तुझा,
ओबेद


वॉर्नर, २७ जून

प्रिय ओबेद,

तुझं पत्र काल आलं. मी ते घेऊन मुलीच्या घरामागच्या कुरणात गेलो आणि जेवायला हाक येईपर्यंत परतलो नाही. जावयाला वाटलं, कोणी वारलं.

तू खोटं वागलास असं मला वाटत नाही. त्यानं तुझ्याकडून वचन घेतलं, तू पाळलंस. आपल्या तिघांत तेवढं तरी एकानं केलं.

नदीपलीकडे मी लगेच जाणार नाही. गेलो तर त्याला मला दारात घ्यावं लागेल, बसायला द्यावं लागेल, आणि मी माझ्या मनावरचं त्याच्या मनावर ठेवून परत येईन. त्याच्या मनावर आधीच पुष्कळ आहे. त्यानं बोलावलं तर जाईन. त्याच्या उरलेल्या ओकच्या फळ्या माझ्या गिरणीत कापून ठेवल्या आहेत, त्या तेवढ्या होडीनं पाठवून दे. चिठ्ठी जोडू नकोस.

दुरुस्तीच्या वाटेवर माझा विश्वास अजून आहे. पुढच्या मार्चला गावसभेत मी ती तेरावी मांडीन, पडली तर त्याच्या पुढच्या वर्षी मांडीन. पण ती होईपर्यंत टायटसची मुलगी केवढी होईल, याचा हिशोब मी एक्झेटरला केला नव्हता. तू केला होतास.

आता वहीचं. 'स्वखुशीनं' लिहू नकोस. पंचांना वाईट वाटलं तरी चालेल. त्याच्या नावापुढे 'गाव सोडलं' असं लिही. कारणाच्या जागी माझं नाव लिही. जोथम क्रॉस, हॅरोफील्डचा प्रतिनिधी, आणि एकवीस जून ही तारीख. पन्नास वर्षांनी कोणी ती वही उघडली तर त्याला कॉन्कर्डच्या यादीत माझं नाव सापडेल, आणि आपल्या वहीतही सापडायला हवं. एकच वाचून त्यानं माझ्याबद्दल मत करून घेऊ नये.

पंच म्हणतील, असं कारण लिहायची रीत नाही. त्यांना सांग, जोथम सोमवारी येतो आणि सभेत उभा राहून याचं उत्तर देईल. तोवर ते पान मिटू नकोस. नाव तू लिही, खाली सही मी करतो.

जोथम